आजोबांची नाणी: जुनं म्हणजे महागच का?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत जुनी नाणी सापडलीत, बरीचशी काळी पडलीत. एका मोठ्या चांदीच्या नाण्यावर बाईचा चेहरा, मागे दोन डोक्यांचा गरुड आणि १७८० साल आहे. लाखाच्या घरात जाईल ना? विकण्याआधी घासून चकचकीत करू का?

उत्तर: आधी हातातला ब्रश खाली ठेवा! घासलेलं नाणं संग्राहक बघताक्षणी ओळखतात आणि भाव धाडकन पडतो, लिंबू, टूथपेस्ट, पॉलिश काहीच नको, नाणं हाताळतानाही फक्त कडेला धरा.

वर्णनावरून तो मारिया तेरेसा थालर वाटतोय, म्हणजे ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं. राणी १७८० मध्ये वारली, पण हे नाणं व्यापारात इतकं चाललं की नंतरही तेच साल टाकून वेगवेगळ्या टांकसाळी ते पाडतच राहिल्या, त्यामुळे सालावर जाऊ नका. खरं असेल तर वजन साधारण २८ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निदान तेवढ्या चांदीचा भाव तरी कुठे गेला नाही. वर किती मिळतील ते टांकसाळ आणि झीज बघून ठरतं, गरुडाची पिसं सुटी दिसतायत की सपाट झालीत ते भिंगातून बघा.

नुसत्या वयाला किंमत नसते हो, चौथ्या शतकातली रोमन तांब्याची नाणी ढिगाने सापडतात म्हणून बरीचशी स्वस्तात मिळतात. आणि ऑनलाइन जाहिरातीतले आकडे म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा. "आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग लाखात घेतो" म्हणणाऱ्याचा फोन सरळ कट करा.