जुन्या ट्रकच्या आरशाची काच बदलताना

काच लगेच कापून आणू नकोस. आधी आरशाचं डोकं दांड्यावरून उतरव, चष्मा आणि जाड हातमोजे घाल आणि फुटक्या काचेवर चिकटपट्टी लाव, म्हणजे तुकडे उडणार नाहीत. कडेचं रबर कडक झालं असेल तर कोमट पाण्याने मऊ कर. ओढून फाडलंस तर तसं दुसरं मिळणं कठीण.

डबी, म्हणजे काच बसते ते आरशाचं कवच, रिकामी झाली की आतला गंज घासून प्रायमर मार. नव्या काचेसाठी डबीच्या आतल्या मापाचा साचा कागदाचाच काढ, फुटक्या काचेवरून माप घेऊ नकोस. काच साच्यापेक्षा दीडेक मिलिमीटर लहान हवी. घट्ट बसवलेली काच ट्रकच्या थरथरीने कोपऱ्यातून तडकते. जुनी काच बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगीर असेल तर सपाट बसवू नकोस, बाजूचं दिसणारं क्षेत्र कमी होतं.

आणि काच चिकटवायचं सिलिकॉन! व्हिनेगरसारखा वास येणारं अजिबात नको, त्यातलं आम्ल पाठीमागचा चांदीचा मुलामा खातं. न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं घे, काचेच्या पाठीमागे मधे मधे ठिपके दे. डबीच्या खालचं पाणी जायचं भोक मात्र मोकळं ठेव.