शाळा सांभाळून बीएड : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय २९, बीएस्सीला ५४ टक्के आहेत. चार वर्षांपासून एका विनाअनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि सायन्स शिकवून राहिले, पगार ११ हजार. आता हेडमॅडम म्हणतात बीएड नसेल तर पुढे ठेवता येणार नाही. मुलगा चार वर्षांचा, मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये असतात. मैत्रीण म्हणते मुक्त विद्यापीठातून कर, नोकरी सोडायची गरज नाही. आणि एक ओळखीचे सांगून राहिले की बाहेरगावी एक कॉलेज आहे, तिथे फी थोडी जास्त द्यायची, अटेंडन्सचं ते बघून घेतात, आपण फक्त परीक्षेला जायचं. काय करू? नोकरी सोडायची हिंमतच होत नाहीये. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : ताई, आधी मुक्त विद्यापीठाचं सांगते कारण या एका गैरसमजात कित्येक जणींचं अख्खं वर्ष जातं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असो की इग्नू, दोघांचीही सेंटर नागपुरात आहेत आणि दोघांचंही बीएड चांगलं आहे, पण ते ज्यांचं डीएड झालंय आणि जे शाळेत शिकवतायत त्यांच्यासाठी आहे, किंवा ज्यांनी एनसीटीईची (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता असलेला शिक्षक प्रशिक्षणाचा एखादा कोर्स रेग्युलर कॉलेजात बसून पूर्ण केलाय त्यांच्यासाठी. नुसती डिग्री आणि चार वर्षांचा अनुभव एवढ्यावर तिथे अ‍ॅडमिशन होत नाही. तुमचं डीएड नाही, म्हणजे तो रस्ता तुमच्यासाठी बंद आहे, फॉर्मची फी वाया घालवू नका.

मग उरलं रेग्युलर. ५४ टक्के आहेत, ५० लागतात, तिथे अडचण नाही. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, त्यात बुद्धिमत्ता, जनरल नॉलेज आणि शिक्षक अभियोग्यता असते. डिसेंबर-जानेवारीपासूनच सीईटी सेलच्या वेबसाइटवर नजर ठेवा कारण फॉर्मची तारीख गेली की वर्ष गेलं.

आता खरी अडचण. २०१४ च्या एनसीटीईच्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं, वर्षाला कमीत कमी २०० दिवस, आठवड्याला ३६ तास, तासांना आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी आणि इंटर्नशिपला ९० टक्के, आणि ही इंटर्नशिप म्हणजे दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत. ३६ तास म्हणजे सहा दिवस रोज सहा तास. तुमची शाळा फुल टाइम, त्यात कॉलेज, त्यात चार वर्षांचं लेकरू. मी हिशोब कितीही वेळा मांडला तरी तो जुळत नाही ताई, आणि जुळतो असं जो सांगतो तो तुम्हाला ते दुसरं कॉलेजच विकतोय.

त्या कॉलेजबद्दल मला मनापासून राग आहे, का ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुलाखतीला मी पॅनेलवर होते. एक मुलगी आली, बीएडला छान मार्क, फाइल एकदम व्यवस्थित. मी विचारलं, सहावीतला पोरगा एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहितो, तुम्ही काय कराल? ती म्हणाली, चूक आहे म्हणून सांगीन आणि छेद सारखे करायला लावीन. मी म्हटलं, पण त्याने तसं का केलं असेल? ती गप्प. परत विचारलं, तर डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली मॅडम मी कॉलेजला गेलेच नाही, पाठाच्या वह्यासुद्धा विकत घेतल्या होत्या. त्या दिवशी तिला आम्ही घेतलं नाही आणि मला रात्री झोप आली नाही, कारण पोरगी हुशार होती. तिचे पैसे गेले, दोन वर्षं गेली आणि जे शिकायचं होतं ते राहूनच गेलं.

तो पोरगा वरचे आकडे वर मिळवतो, खालचे खाली मिळवतो, त्याच्या दृष्टीने ते अगदी सरळ आहे. त्याला नियम सांगण्याआधी अर्धी भाकर हातात द्यायची, त्यात तिसरा हिस्सा घालायचा आणि विचारायचं, बाळा, दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी असतं, मग भाकर वाढली की कमी झाली? तो स्वतःच हसतो. हे असं चुकीच्या मागे जाऊन बघणं पाठ घेता घेता येतं, मागे कोणी मॅडम वही घेऊन बसलेली असते, पाठ संपल्यावर ती तुम्हाला दहा मिनिटं सुनावते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तोच पाठ वेगळा घेता. हेच विकत मिळत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, घर दोन वर्षं ओढता येत असेल तर नोकरी सोडून रेग्युलर करा. ११ हजाराने दोन वर्षांचे २ लाख ६४ हजार होतात, वरून फी आणि येण्याजाण्याचा खर्च, हे मिस्टरांसोबत बसून कागदावर लिहा, नुसतं डोक्यात ठेवलं की भीतीच जास्त वाटते. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा असेल तर तोही आत्ताच काढून ठेवा आणि शिष्यवृत्तीचं महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर बघा. मानेवाडा-हुडकेश्वर भागात आठवी ते दहावीच्या गणिताच्या ट्यूशनला पोरं मिळतात, संध्याकाळचे दोन तास धरले तरी किराण्याचा भार हलका होईल. कॉलेज निवडताना घरून बसने नाहीतर मेट्रोने सरळ जाता येतं का ते आधी बघा, लेकरू लहान असताना अर्धा तास वाचणं लई मोठी गोष्ट असते.

आणि हेडमॅडमशी बोला, पण लेखी. दोन वर्षांनी परत घ्याल का, बिनपगारी रजा मिळते का, इंटर्नशिपसाठी ही शाळा कॉलेजला चालेल का, हे अर्जात लिहून द्या आणि पोच घ्या. इंटर्नशिपची शाळा कॉलेज ठरवतं, सगळीकडे स्वतःची शाळा मिळत नाही, म्हणून अ‍ॅडमिशनच्या आधीच कॉलेजलाही विचारा. हो, आणि सहावी ते आठवीला नुसतं बीएड पुरत नाही, टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपरही लागतो, त्याचा अभ्यास बीएडसोबतच धरा.

एक काम मात्र आजपासून. एक शंभर पानी वही घ्या आणि पोरांच्या चुका लिहायला सुरुवात करा, तारीख, वर्ग, पोराने काय लिहिलं आणि विचारल्यावर काय म्हणाला. चार वर्षांत तुम्ही अशा हजारो चुका बघितल्या असतील, लिहून ठेवल्या असत्या तर अर्धं बीएड घरातच होतं.

प्रश्न : मॅडम, मी काटोल तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे, डीएड झालेलं. मुक्त विद्यापीठातून बीएडला अ‍ॅडमिशन घेतलं आहे पण स्वाध्याय तुंबून राहिले. शाळा, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहार, घरची शेती. रात्री दहाला वही उघडतो आणि झोपतो. कृतिसंशोधनाला (वर्गातली एखादी अडचण घेऊन उपाय करून बघायचा प्रकल्प) विषयच सुचत नाही, गाइडमधून घेऊ का? (एक शिक्षक, काटोल)

उत्तर : सर, गाइडमधून नका घेऊ, तुमच्या वर्गात विषय भरून पडलेत. पहिली-दुसरी आहे ना तुमच्याकडे? पोरांना सांगा 'एकशे पाच' लिहा. कोणीतरी १००५ लिहीलच, आधी शंभर लिहिले मग पाच, त्याने ऐकलं तसं लिहिलं. 'पंचवीस' म्हटलं की कोणी ५२ लिहितो, कारण शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. हा आपल्या मराठी संख्यावाचनाचाच प्रश्न आहे. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं ना, गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मॅडमना किती ऐकून घ्यावं लागलं, जुने शब्द काही पुस्तकातून काढले नव्हते तरी. बाहेर विनोद चालले होते आणि त्या शांतपणे सांगत होत्या की लहान मुलाला संख्या ऐकणं आणि लिहिणं जुळवायला त्रास होतो. मला तेव्हाही त्यांचं पटलं होतं आणि आजही पटतं.

आता तुम्ही हेच करून बघा. वीस संख्या तोंडी सांगा, पोरांनी लिहाव्या, किती जणांचे अंक उलटले ते मोजा. मग तीन आठवडे रोज दहा मिनिटं काड्यांचे दहाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन 'वीस पाच, पंचवीस' असं दोन्ही म्हणायचं, आणि त्याच वीस संख्या परत लिहायला द्यायच्या. झालं कृतिसंशोधन. आकडे तुमचे, पोरं तुमची, तोंडी परीक्षेत कोणी काहीही विचारलं तरी तुम्ही अडकणार नाही, आणि पोरांचाही फायदा होईल.

रात्री दहाला अभ्यास होत नाही सर, दिवसभर पोरांसमोर उभा राहिलेला माणूस झोपणारच. पहाटे पाचला उठून पाऊण तास बसा, किंवा मधल्या सुट्टीत स्वाध्यायाच्या एकाच प्रश्नाचे मुद्दे टाका. आपल्या विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, ते जास्तीचे दिवस आत्तापासूनच स्वाध्यायांसाठी राखून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा नाहीतर पेरणीत जातील. संपर्क सत्र आणि वर्कशॉप चुकवू नका, तिथली हजेरी नंतर भरून निघत नाही.

प्रश्न : एक वर्षाचं बीएड परत येतंय म्हणतात, थांबू का? बीए झालंय, तीन वर्षांचं. (एक वाचक, कामठी)

उत्तर : नका थांबू. २०२५ च्या फेब्रुवारीत एनसीटीईने मसुदा काढला त्यात एक वर्षाचं बीएड आहे, पण ते चार वर्षांची डिग्री किंवा पीजी झालेल्यांसाठी. तीन वर्षांच्या बीएवर तुम्हाला दोन वर्षांचंच करावं लागेल. आणि पहिली ते पाचवीला शिकवायचं मनात असेल तर बीएड नाही, डीएलएड (पूर्वीचं डीएड) करा, सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला ते स्पष्ट केलंय.

प्रश्न : माझी आई ५१ वर्षांची आहे, डीएड करून प्राथमिक शाळेत लागली त्याला २७ वर्षं झाली. आता टीईटी द्यायला लागणार म्हणून रात्र रात्र रडते, म्हणते आयुष्यभर शिकवलं आणि आता मला नापास करणार. खरंच द्यावीच लागेल का? (एक मुलगी, महाल)

उत्तर : बाळा, १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांच्या आत टीईटी पास व्हायला सांगितलंय. आई ५८ ला रिटायर होणार, म्हणजे ती त्यात येते. तिला राग येणं मी समजू शकते, २७ वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या बाईला हे लागतंच, आणि तिचं रडणं चूक आहे असं तिला कोणी म्हणू नका. पण तयारी सुरू करा.

पेपर एक, १५० प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० मार्क. पास व्हायला ९० मार्क म्हणजे ६० टक्के, आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही हे तिला पहिल्याच दिवशी सांग. गणित आणि परिसर ती रोज शिकवते. अडते ती दुसरी भाषा इंग्रजी आणि बालमानसशास्त्रातली पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग ही नावं. नावं तू पाठ करून घे, आणि प्रत्येक नावाला तिच्याच वर्गातलं एक पोर जोड. उंच पेल्यात ओतलं की पाणी वाढलं असं म्हणणारं पोर तिने शंभरदा बघितलं असेल, ते पियाजेला दे. जोडीत बसवल्यावर शेजाऱ्याच्या मदतीने जमणारं पोर वायगॉट्स्कीला. तिला सगळं माहीतच आहे, फक्त त्यांची ही नावं तिला कोणी सांगितली नव्हती.

रोज संध्याकाळी दहाच प्रश्न, तू वाच आणि ती चहा करता करता उत्तर देऊ दे. सोडवायला पुस्तक घेऊन बस म्हटलं तर ती बसणार नाही.