सतरा पूर्ण झाली, आता गाडी मारू का?

प्रश्न : काकू, मी वेंगुर्ला रस्त्यावर बाचीजवळच्या एका खेड्यात राहतो. गेल्या आठवड्यात सतरा पूर्ण झाली. सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, कॉलेज बेळगावात. सकाळची बस शिनोळीकडूनच भरून येते, आमच्या थांब्यावर थांबत नाही. आप्पांची शंभर सीसीची मोटरसायकल दारात उभी असते आणि मला ती चांगली येते. वर्गातली किती तरी पोरं गाडीवर येतात. एक एजंट म्हणतो, पैसे दे, लायसन आत्ताच काढून देतो. आप्पा म्हणाले, काकूंना विचार, त्या सांगतील तसं करू.

उत्तर : बाळा, आप्पांनी माझ्यावर सोडलंय म्हणून आधी त्यांनाच सांगते. आप्पा, किल्ली देऊ नका.

बावीस वर्षं मी आणि माझे मिस्टर बेळगावात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. ‘मला गाडी येते’ म्हणणारी पोरं रोज येतात, आणि त्यांना खरंच येते. तुलाही येत असेल, मी नाही म्हणत नाही. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षं पूर्ण झालेल्याला पालकांच्या लेखी संमतीनं लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. तसल्या गाड्या आता शोरूममध्ये दिसत नाहीत. दुधाच्या किटल्या बांधून गावोगाव फिरणारी ती हलकी गाडीसुद्धा पन्नासच्या वरची. तुमच्या दारातल्या गाडीला अठराच लागतात. एजंटकडं काही वेगळा कायदा नसतो. तो करणार काय, तर तुझी जन्मतारीख फिरवणार. ती खोटी तारीख मग तुझ्या मागं लागणार, त्याच्या नाही.

२०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी मारून गुन्हा केला तर शिक्षा पालकाला किंवा मालकाला आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही. आठ वर्षं लायसनविना राहणं म्हणजे काय, त्याचा जरा विचार कर.

दंडाचं सोड. माझ्या थोरल्या दिरांच्या मुलानं सतराव्या वर्षी सायकलवरच्या एका म्हाताऱ्या माणसाला धडक दिली. तो माणूस वाचला, पण मांडीचं हाड मोडलं, पुन्हा शेतात उभा राहिला नाही. कोर्टानं विमा कंपनीला भरपाई द्यायला लावली, आणि चालवणाऱ्याकडं लायसन नव्हतं म्हणून ते पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. मालक म्हणजे आमचे दीर. आठ गुंठे विकले. पोरगा आता चांगला मिळवता आहे, पण त्या बांधावरून जाताना अजून मान खाली घालतो. हे लिहिताना मला त्रास होतोय, तरी लिहिते.

आता हे वर्ष कशाला वापरायचं, ते सांगते. आपल्या सीमाभागात पोरं टेस्टमध्ये नापास व्हायच्या आधी कागदांत अडकतात. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं इनिशियल, कन्नडातून इंग्रजीत जाताना स्पेलिंग तिसरंच. दोन्ही कागद आजच शेजारी ठेव आणि एकेक अक्षर ताडून बघ. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईनं चुकीचा अर्ज भरू नकोस. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे असतात, ते राहिले असतील तर तेही करून घे. आधारचा मोबाईल नंबर चालू असू दे, ओटीपी त्याच्यावरच येतो.

हात बसवायचा असेल तर स्वतःच्या शेतात, भात काढल्यावर, आप्पा शेजारी उभे असताना. गावच्या रस्त्यावर नाही, देवळापुढच्या पटांगणातही नाही. जिथं लोकांना यायला मोकळीक आहे ती कायद्यानं सार्वजनिक जागा. चुन्यानं टेस्टला असतो तसा आठाचा आकडा काढ आणि त्यावरून गाडी फिरव. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक अगदी हलका. पोरं पुढच्या चाकाकडं बघतात आणि मध्यावर पाय टेकतात. नजर वळणाच्या पलीकडं ठेव, गाडी आपोआप येते. हेल्मेट घालूनच सराव कर, नाहीतर टेस्टच्या दिवशी ते डोक्यावर जड वाटतं.

कॉलेजला जायचा प्रश्न राहतोच, आणि तो खरा आहे. तुमच्या थांब्यावरच्या सगळ्या पोरापोरींच्या सह्या घेऊन डेपो मॅनेजरना निवेदन द्या. बस किती वाजता येते, कोणत्या दिवशी थांबली नाही, हे तारखेसह लिहा. कन्नडमध्ये लिहिलंत तर टेबलावरून लवकर पुढं सरकतं. विनालायसनची इलेक्ट्रिक गाडीही मिळते, पण ती २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारीच. दुकानदार ‘हिलाही लायसन लागत नाही’ म्हणून मोठी गाडी गळ्यात मारतात, म्हणून कागदावर हे दोन आकडे बघितल्याशिवाय आप्पांनी पैसे देऊ नयेत.

अठरा पूर्ण झाली की लायसनच्या सरकारी सारथी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज कर. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. मधल्या काळात लाल ‘एल’ लावायचा आणि मागं लायसनवाला शिकवणारा सोडून कुणाला बसवायचं नाही. आणि बाचीच्या पलीकडं लगेच महाराष्ट्र लागतो म्हणून दुसरं लायसन काढावं लागत नाही. बेळगावचं लायसन शिनोळीत, चंदगडात, सगळ्या देशात चालतं.