अमेरिकेतल्या शाळेत शिक्षक ऑनलाइन ग्रेड वेळेवर टाकत नसतील तर पालकांनी काय करावं?

प्रश्न असा आहे : "आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी नववीत आहे. तिचे गणिताचे शिक्षक तीन-तीन आठवडे पोर्टलवर मार्क टाकत नाहीत. मार्किंग पिरियड (एका रिपोर्ट कार्डाचा काळ) संपत आला तरी टेस्टची जागा रिकामीच आहे. तक्रार कुणाकडे करायची? आणि केली तर मुलीला त्रास होईल का?"

मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे ग्रेडबुकची शिक्षकांकडची बाजू रोजच बघते. तुमचा वैताग रास्त आहे. नववीपासूनचे ग्रेड कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलभरच्या ग्रेडच्या पत्रकावर, येतात, तेव्हा जीव टांगणीला लागणारच. शिक्षकांना जरूर विचारा, पण पोर्टलवरच्या आकड्यासाठी भांडण्यापेक्षा तपासलेला पेपर मागा. मुलीच्या कामाचा तोच आहे.

आधी पोर्टल वाचायचं कसं ते बघू, कारण बराचसा घोळ तिथेच होतो. तुमच्या शाळेचं पोर्टल जेनेसिस असो, पॉवरस्कूल असो की इन्फिनिट कॅम्पस, रिकामी जागा आणि शून्य या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामी जागा सरासरीत धरलीच जात नाही, शून्य धरलं जातं. समजा टेस्टला ५० टक्के, क्विझला ३० आणि होमवर्कला २० टक्के वजन आहे. मुलीला होमवर्कमध्ये ९५, क्विझमध्ये ७० मिळालेत आणि टेस्टची जागा रिकामी आहे. मग हिशोब फक्त उरलेल्या ५० टक्क्यांवर होतो : ९५ गुणिले २० अधिक ७० गुणिले ३०, भागिले ५०, म्हणजे ८०. आता शिक्षकांनी टेस्टच्या जागी तात्पुरतं शून्य टाकलं, तर ते ८० रातोरात ४० होतात. टेस्टचे खरे ८८ आले की ८४. या मधल्या काळात मुलीच्या अभ्यासात काडीचाही फरक पडलेला नसतो.

आपण प्रगतिपुस्तकावर वाढलो. घटक चाचणी, सहामाही, वार्षिक. जे लिहून आलं तो निकाल, त्याखाली वडिलांची सही. पोर्टलवरचा आकडा निकाल नसतो, चालू हिशोब असतो. मार्किंग पिरियडच्या सुरुवातीला तर तो एखाद्या १० मार्कांच्या क्विझवरच उभा असतो. म्हणून आकडा बघण्याआधी विषयावर क्लिक करून आतली यादी उघडा. तिथे 'मिसिंग' असं दिसलं तर खालची खुणांची सूची वाचा. काही ठिकाणी मिसिंग म्हणजे सरळ शून्य धरलं जातं, तर काही ठिकाणी ती नुसती खूण असते आणि आकड्यावर परिणाम होत नाही. 'एक्झेम्प्ट' म्हणजे ते काम मुलीला माफ आहे, त्याची काळजी करू नका.

दुसरी मेख अशी की बऱ्याच शाळांत दोन वेगवेगळ्या सिस्टिम असतात. काम जमा होतं गूगल क्लासरूम, कॅनव्हास किंवा स्कूलॉजीत, आणि अधिकृत ग्रेड राहतात पोर्टलवर. एकीकडून दुसरीकडे मार्क जाण्यासाठी कुठे शिक्षकांना बटण दाबावं लागतं, कुठे ते रात्री आपोआप होतं. गूगल क्लासरूममध्ये शिक्षकांनी आकडा टाकला तरी 'रिटर्न' केल्याशिवाय तो ड्राफ्टच राहतो, मुलांना दिसत नाही. कॅनव्हासमध्ये मार्क हाताने 'पोस्ट' करायची सेटिंग असेल तर सगळा वर्ग तपासून होईपर्यंत ते झाकलेले असतात. तेव्हा पोर्टल रिकामं दिसलं म्हणून पेपर तपासलाच नाही असं धरू नका. दोन्हीकडे बघा. कॅनव्हास असेल तर तुम्हाला स्वतःचं पालक-खातं उघडता येतं. मुलीच्या खात्यात सेटिंग्जमध्ये 'पेअर विथ ऑब्झर्व्हर' दाबलं की सहा अक्षरांचा कोड येतो. तो सात दिवस चालतो आणि एकदाच वापरता येतो.

टेस्टऐवजी होमवर्क किंवा प्रोजेक्ट अडकलं असेल तर मुलीला शेजारी बसवून ते काम उघडायला लावा. क्लासरूममध्ये फाईल जोडलेली असते, पण 'टर्न इन' दाबायचं राहिलेलं असतं. मग वर 'टर्न्ड इन'ऐवजी 'असाइन्ड' किंवा 'मिसिंग' असंच दिसत राहतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे डॉक्युमेंटची लिंक दिलेली असते, पण शिक्षकांना ती उघडायची परवानगी नसते. अशी कामं शिक्षक बाजूला ठेवतात आणि ती तिथेच राहून जातात.

उशीर का होतो, तर पेपर फार असतात. पाच वर्ग, प्रत्येकी २५ ते ३० मुलं, म्हणजे १२५ ते १५० पेपर. गणिताच्या एका पेपरला सहा मिनिटं धरली तरी १५० पेपरांना १५ तास लागतात. इंग्रजीच्या निबंधाला दहा मिनिटं धरली तर २५ तास. शाळेत मोकळा तास दिवसाला साधारण एक, तोही पाऊण तासाचा, आणि त्यातच पुढच्या धड्याची तयारी, झेरॉक्स आणि मीटिंगा. शिवाय टेस्टच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची मेकअप टेस्ट होईपर्यंत पेपर वर्गात परत देता येत नाहीत, नाहीतर प्रश्न फुटतात. हे कारण खरं आहे, पण ते पेपर परत देण्यापुरतं. मार्क टाकायला त्याची आडकाठी नसते, आणि हे मी शिक्षक असूनही म्हणते.

मग किती उशीर चालवून घ्यायचा? माझ्या मते होमवर्क आणि क्विझला एक आठवडा, टेस्टला शाळेचे दहा दिवस, निबंध, लॅब रिपोर्ट आणि प्रोजेक्टला तीन आठवडे. मोजताना शाळेचेच दिवस मोजा. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक अधिवेशनासाठी बहुतेक शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, आणि पहिला मार्किंग पिरियडही त्याच सुमारास संपतो. तुमच्या मुलीच्या टेस्टला सुट्ट्या वगळून तीन आठवडे झाले असतील तर ते जास्तच झालं.

आणि ते का जास्त झालं, हेच शिक्षकांसमोर मांडायचं. गणितात प्रत्येक धडा मागच्या धड्याच्या खांद्यावर उभा असतो. एका चलाची समीकरणं सोडवताना ऋण चिन्ह कंसात शिरलं की मुलगी चुकते, हे तिला आज कळलं नाही, तर पुढच्या महिन्यात दोन चलांच्या समीकरणांत तीच चूक प्रत्येक गणितात होणार. पोर्टलवर ७८ दिसले तरी त्यातून हे कळत नाही. ते पेपर बघूनच कळतं.

आधी मुलीने स्वतः विचारावं. नववीतल्या मुलांकडून इथे तीच अपेक्षा असते, आणि पालकांचा मेल आला की शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो, "तिने मला विचारलं का?" शाळा सुटल्यावर एक्स्ट्रा हेल्पला जाऊन तिने एवढंच म्हणावं, "माझी तीन नंबरच्या युनिटची टेस्ट मला बघता येईल का?" पेपर तपासलेला असेल तर बरेच शिक्षक तिथेच काढून दाखवतात. दोन शाळा-दिवसांत काही झालं नाही तर तुम्ही मेल करा. विषयात मुलीचं नाव, पिरियड आणि टेस्टचं नाव. मजकूर तीन-चार ओळींचा. लिहाल इंग्रजीतच, पण आशय असा :

"अमुक तारखेला झालेल्या युनिट टेस्टचे मार्क पोर्टलवर अजून दिसत नाहीत. कॅनव्हासवरही पाहिलं. पुढची टेस्ट अमुक तारखेला आहे. त्याआधी तिला तपासलेला पेपर बघून चुका समजून घ्यायच्या आहेत. कोणत्या दिवशी ती येऊ शकेल?"

या मेलला 'नाही' म्हणायला जागाच नाही. त्यात "बाकीच्या पालकांचंही हेच म्हणणं आहे" घालू नका, प्रिन्सिपलना कॉपी करू नका, आणि मार्क किती पडलेत हे तर मुळीच विचारू नका. ते पेपरासोबत येतीलच.

तीन शाळा-दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच मेल, वर एक नम्र ओळ घालून, पुन्हा पाठवा. त्यानंतर गायडन्स काउन्सेलर, मग गणिताचे सुपरवायझर, मग व्हाइस प्रिन्सिपल आणि शेवटी प्रिन्सिपल. पायरी चुकवली तर मेल फिरून खालीच येतो आणि आठवडा फुकट जातो. वर जाण्याआधी शाळेचं हँडबुक, कोर्सचा सिलॅबस आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या (इथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) वेबसाइटवरची तिच्या बोर्डाची ग्रेडिंग पॉलिसी वाचा. काही डिस्ट्रिक्टमध्ये मार्क किती दिवसांत टाकायचे ते लिहिलेलं असतं. तसं असेल तर तेच वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये घाला. त्यानंतर ती तुमची नाराजी राहत नाही, शाळेच्याच नियमाची आठवण होते.

पालक अनेकदा फर्पा कायद्याचा धाक घालतात. त्याचा इथे उपयोग नाही. १९७४ चा हा कायदा पालकांना मुलांचे शैक्षणिक रेकॉर्ड बघायचा हक्क देतो आणि शाळेला त्यासाठी ४५ दिवसांची मुदत देतो. मार्क लवकर टाका असं तो कुठेही सांगत नाही. मुलीला आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेने केलेला लेखी शिक्षण आराखडा) असेल तर गोष्ट निराळी. प्रगतीचे रिपोर्ट कधी द्यायचे हे त्या आयईपीतच लिहिलेलं असावं लागतं, तेव्हा थेट आयईपी सांभाळणाऱ्या केस मॅनेजरना विचारा.

मुलीला त्रास होईल का? वरच्यासारख्या मेलने नाही. मुद्द्याचा एक मेल शिक्षकांना कामाचा वाटतो, कारण त्यात काय हवं ते स्पष्ट असतं. संबंध बिघडतात ते रोजच्या मेलने आणि रात्री अकराला पाठवलेल्या "हे ७९ का?" ने. ते टाळायला फोनवरची प्रत्येक मार्काची नोटिफिकेशन बंद करा आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून पोर्टल बघा. पॉवरस्कूलसारख्या पोर्टलवर आठवड्याचा ईमेल मागवायची सोय असते.

आता घाई करायची ती मार्किंग पिरियडच्या शेवटासाठी. रिपोर्ट कार्डच्या आधी अनेक शाळा पालकांचं पोर्टल काही दिवस बंद ठेवतात, त्या काळात काहीच दिसत नाही. म्हणून मेल आजच पाठवा. मार्किंग पिरियड संपेपर्यंत मार्क टाकलेच गेले नाहीत तर ग्रेडऐवजी 'इन्कम्प्लीट' (अपूर्ण) असा शेरा लागू शकतो किंवा नंतर ग्रेड बदलायचा फॉर्म भरावा लागतो. ही कामं शिक्षक आणि ऑफिस करतात, पण पाठपुरावा तुम्हाला करावा लागेल. घाईत मार्क टाकताना ८६ चे ६८ होणंही घडतं, आणि अशी नोंदीतली चूक दुरुस्त करा अशी मागणी करायचा हक्क मात्र फर्पा देतो. त्याला पुरावा लागतो. तेव्हा परत मिळालेला एकही पेपर रिपोर्ट कार्ड येईपर्यंत टाकू नका, आणि टेस्टचे पेपर शाळा ठेवून घेत असेल तर बघितलेले मार्क तारखेसह वहीत टिपून ठेवायला मुलीला सांगा.