घरी सुरीला लावलेली धार दोन दिवसांत का जाते?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: धार लावायच्या रॉडवर सुरी घासली की तेवढ्यापुरती चालते, खाचेतून सुरी ओढायच्या यंत्रातून काढली की जरा बरी चालते, आणि दोन दिवसांनी टोमॅटो पुन्हा चिरला न जाता चेपला जातो. आता दगड घ्यावा का, आणि घेतला तर कोणता, असं तुम्ही विचारताय.

दगड घ्या. पण नुसता दगड आणून हा त्रास जाणार नाही, कारण खोट वेगळ्याच ठिकाणी आहे.

सुरी बोथट होते ती मुख्यतः दोन प्रकारे. पहिला प्रकार म्हणजे धारेची अगदी बारीक कड एका बाजूला मुडपते. पोलाद जागच्या जागी असतं, फक्त त्याची दिशा बदललेली असते. दुसऱ्या प्रकारात कड झिजून गोल होते किंवा तिचे बारीक कपचे उडतात, म्हणजे पोलाद गेलेलंच असतं. गुळगुळीत रॉड मुडपलेली कड सरळ करतो. झिजलेल्या धारेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे रॉडवर घासून सुरी क्षणभर चालली आणि लगेच थकली, तर ती झिजलेली आहे असं समजा. तिथे थोडं पोलाद खरवडून नवी कड तयार करावी लागते, आणि ते काम दगडाचं.

एवढ्या मऊ भाजीने पोलाद कसं काय झिजतं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. बराचसा दोष खालच्या, म्हणजे चिरायच्या पाटाचा असतो, त्याकडे पुढे येतो. पण मऊ वस्तूही निर्दोष नसते. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाढीच्या पात्याचा अभ्यास केला होता. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ, तरी पात्याचे कपचे उडतात. केस वाकून तिरका कापला गेला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची आतली घडण एकसारखी नसली, की तिथला बारीक तुकडा निघून येतो. धार जितकी पातळ, तितकी ती नाजूक. तेव्हा सुरी बोथट होणारच. दोन दिवसांत होऊ नये, एवढीच अपेक्षा धरायची.

आता दोन दिवसांच्या गोष्टीवर येतो. दगडावर एक बाजू घासत राहिलं की पोलाद झिजत झिजत कडेपर्यंत पोचतं आणि पलीकडच्या बाजूला एक बारीकशी पत्री उलटून उभी राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. बर आली म्हणजे दोन्ही उतार कडेवर येऊन भिडले. म्हणून ती यायलाच हवी. पण नंतर ती जायलाही हवी, आणि घरी लावलेली धार बहुतेक वेळा इथेच फसते. बर तशीच राहिली तर ती कागद सुंदर कापते, हाताला भयंकर धारदार लागते, माणूस खूश होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पाटावर आपटून मुडपते किंवा तुटते, आणि तिच्याखाली आपण नीट केलेलीच नसलेली बोथट कड उघडी पडते. तुमच्या यंत्रातून निघणारी धार बरीचशी याच जातीची असते.

म्हणून ‘प्रत्येक बाजूला दहा वेळा घासा’ असल्या हिशेबावर माझा विश्वास नाही. सुरी किती बोथट आहे, पोलाद किती कडक आहे, दगड किती भरड आहे, यावर आकडा बदलतो. घासायचं ते बर येईपर्यंत. आणि तीही मुठीजवळच्या टाचेपासून टोकापर्यंत सलग यायला हवी. मधे चार बोटं जागा राहिली असेल तर बाजू बदलायची नाही, तिथेच पुन्हा काम करायचं. बर तपासताना अंगठा पात्याच्या सपाट बाजूवरून कडेकडे आणि कडेच्या बाहेर न्यायचा. धारेच्या रेषेवरून लांबीने बोट कधीही फिरवू नका.

घासताना खरा कस लागतो तो कोन धरून ठेवण्यात. पाश्चात्त्य धाटणीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूला साधारण 20 अंश, जपानी धाटणीच्या पातळ सुऱ्यांना 15 अंशांच्या आसपास. कोनमापक लावत बसायची गरज नाही. पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर 15 अंशांना सुरीची पाठ दगडापासून साधारण 1 सेंटिमीटर उचललेली असते, 20 अंशांना 1.4 सेंटिमीटरच्या जवळपास. एकदा पट्टीने मोजून बघा, मग हाताला ते कळतं. अंश-दोन अंश चुकले तर काही बिघडत नाही, प्रत्येक फेरीत कोन डुलत राहिला तर मात्र कड गोल होते. सुरुवातीला कडेलगतच्या उतारावर मार्करने रंग द्या आणि दोन-तीन वेळा घासा. फक्त वरचा, पाठीकडचा रंग गेला तर पाठ थोडी उचला, फक्त कडेचा गेला तर थोडी खाली घ्या. सगळा रंग सारखा निघाला की कोन जमला. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ किंचित वर घ्यावी लागते, नाहीतर टोक बोथटच राहतं.

दोन्ही बाजूंना बर आणून झाली की ती काढायला लागा. घाई इथेच नडते. आधी जोर कमी करत जा. मग सुरीच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब ठेवून, धार पुढे करून, एक फेरी या बाजूने आणि एक त्या बाजूने. बर प्रत्येक फेरीत बाजू बदलते आणि लहान होत जाते. ती चिवटपणे टिकून राहिली तर एक-दोन फेऱ्या कोन जरासा वाढवून अगदी हलक्या मारा. शेवटी चामड्याचा पट्टा, किंवा तो नसेल तर दगडावर पसरलेलं वर्तमानपत्र. त्यावर सुरी उलटी ओढायची, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर कागद फाटेल. काही जण सुरी लाकडात रुतवून ओढतात. त्याने बर निघते, पण मला ती पद्धत पटत नाही, कारण बर तुटताना खालची कडही ओरबाडली जाते. बर गेली का हे पाहायला कापूस चांगला: कडेवरून हलकेच नेल्यावर तंतू अडकले की समजायचं, अजून आहे.

दगड कोणता, याचं उत्तर सोपं आहे. 1000 ग्रिटचा एकच घ्या. ग्रिटचा आकडा जेवढा मोठा, तेवढा दगड बारीक. कपचे उडालेल्या किंवा वर्षानुवर्षं हात न लावलेल्या सुरीसाठी 400 च्या आतबाहेरचा भरड दगड लागतो, तो तशी वेळ आली की घेता येईल. 3000 ते 6000 ग्रिटने धार आणखी गुळगुळीत होते, पण टोमॅटोच्या सालीत सुरी शिरायला कडेवर थोडा खरखरीतपणा असलेलाच बरा. आरशासारखी चमक फोटोत छान दिसते, एवढंच. सच्छिद्र पाणदगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. काही दगडांवर नुसतं पाणी शिंपडून भागतं आणि हिऱ्याची पूड बसवलेल्या प्लेटला तर भिजवावंच लागत नाही. विकत घेताना हे विचारून घ्या. वापरून वापरून दगडाला मधे खळगा पडतो आणि मग कोन कितीही सांभाळला तरी उपयोग होत नाही. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि काचेच्या सपाट तुकड्यावर भरड पॉलिशपेपर ठेवून त्यावर घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला.

दगड नसेल आणि आजच अडलं असेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जे बिनचकाकीचं कडं असतं, त्यावर सुरी घासता येते. तात्पुरतं काम भागतं.

आता पाट. काचेचा किंवा दगडी पाट वापरत असाल तर वरचं सगळं फुकट. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ तर पोलादापेक्षाही कठीण असतं, प्रत्येक वेळी धार त्यावर आपटते. लाकडाचा किंवा जरा मऊ प्लॅस्टिकचा पाट घ्या. चिरलेलं पाटावरून गोळा करताना धारेने खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ढकला. कडेला आडवा ताण बसला की ती सगळ्यात लवकर मुडपते. सुरी इतर भांड्यांत टाकून धुऊ नये आणि आंबट काही चिरल्यावर तशीच पडू देऊ नये. स्टेनलेस म्हणजे गंज कमी चढणारं पोलाद, अजिबात न चढणारं नव्हे, आणि गंजाची सुरुवात बऱ्याचदा त्या पातळ कडेपासूनच होते.

काही सुऱ्यांच्या वाटेला या पद्धतीने जाऊ नका. दातेरी सुरीला सपाट दगड चालत नाही, तिच्या एकेका खाचेत निमुळता रॉड घालावा लागतो. सिरॅमिकच्या सुरीला साधा दगड पुरा पडत नाही, हिऱ्याची प्लेटच लागते. एकाच बाजूने उतार असलेल्या जपानी सुऱ्यांची सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवून फक्त बर काढायची, तिकडे नवा कोन द्यायचा नाही. आणि रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 60 च्या वरच्या कडक पोलादाला खाचांचा स्टील रॉड लावू नका, कपचे उडतात. तिथे सिरॅमिक रॉड चालतो.

एकदा नीट धार लागली की तुमचा जुना रॉड खऱ्या अर्थाने कामाला येईल. स्वयंपाकाआधी दोन्ही बाजूंनी हलक्या तीन-चार फेऱ्या, धार लावली त्याच कोनात. रॉडने फरक पडेनासा झाला की दगड काढायचा. घरगुती वापरात ती वेळ दोन-तीन महिन्यांनी येते. ओढायचं यंत्र ठेवायचं असेल तर पाकिटं फोडायच्या, दोऱ्या कापायच्या सुरीसाठी ठेवा. त्याचा कोन ठरलेला असतो आणि त्याची पाती कडेचं पोलाद ओरबाडून काढतात, म्हणून चांगली सुरी त्यात घालू नका. विजेच्या कोरड्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे सुरी द्यायची झालीच, तर तो मधे मधे पाण्यात बुडवतोय ना, हे उभं राहून बघा. कडेला निळसर रंग चढला की तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, आणि तेवढा भाग झिजवून टाकेपर्यंत तिथे धार टिकत नाही.