जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्याच्या) मागे धावणाऱ्या विकासाला पर्याय प्रत्यक्षात कुठे आहे का?

आहे, आणि आपल्याच गडचिरोलीत. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव बघा.

जंगल तोडून विकलं की जीडीपी वाढतो, पण गेलेल्या जंगलाचा तोटा त्यातून वजा होत नाही. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. फायदा दूरच्या कारखान्याला, नुकसान तिथे राहणाऱ्यांचं.

मेंढ्याने हा हिशोब उलटा केला. वनहक्क कायद्याखाली (जंगलावर जगणाऱ्यांचे तिथले हक्क मान्य करणारा कायदा) 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो तेव्हा वनखात्याच्या हातात होता! गाव अडून बसलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. आता बांबू कुठला तोडायचा, किती, कोणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवते. तेही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा चालू राहते. वेळखाऊ आहे, पण मला हीच पद्धत जास्त मोलाची वाटते.

सगळीकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. शहरात अशी सामायिक जमीनच उरलेली नाही. पण ज्या गावांना वनहक्क मिळू शकतो, त्यांनी आधी दावा दाखल करावा.