प्रश्न तुमचे, काळे हात माझे : बेल्ट तुटला की तोडला?

प्रश्न : पानशेत रस्त्याला आमचं अकरा एकरांचं कृषी पर्यटन केंद्र आहे. पाहुण्यांना शिवार दाखवायला आणि खालच्या तळ्याकडून माती, शेणखत वर आणायला आम्ही साइड-बाय-साइड गाडी (शेजारी-शेजारी बसायची, शेतात-चिखलात चालणारी छोटी चारचाकी) घेतली. पहिला बेल्ट सव्वा वर्ष चालला. जूनपासून मात्र तीन बेल्ट गेले, त्यातला शेवटचा चार दिवसांत. एका बेल्टला चौदा हजार मोजतोय. विकणारा म्हणतो, तुमचा ड्रायव्हर गाडी दामटतो. ड्रायव्हर म्हणतो, माल डुप्लिकेट आहे. अशा गाडीच्या बेल्टचं आयुष्य नक्की किती धरायचं?
(एक वाचक, पानशेत रस्ता)

उत्तर : ही चप्पल किती दिवस टिकेल, असं विचारलं की जुना दुकानदार आधी तुमच्या पायांकडे बघतो. इथेही तेच. हलक्या पायाने चालवलेल्या गाडीचा बेल्ट दोन-तीन हजार किलोमीटर आरामात गेलेला मी पाहिलाय आणि दुपारी बसवलेला संध्याकाळी फाटलेलाही पाहिलाय. नुसत्या पत्रावरून काय सांगणार? म्हणून यांना फोन केला आणि म्हटलं, तुटलेले बेल्ट फेकले नसतील तर घेऊन या. रविवारी ते धायरीला माझ्या गॅरेजवर आले. दोन बेल्ट सिमेंटच्या पोत्यात होते. उरलेल्या एकाने गोठ्याचं फाटक बांधून ठेवलं होतं, ते सोडून आणावं लागलं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं. या गाडीत बेल्ट हाच गिअर. एक पुली इंजिनावर, ती पुढची; दुसरी गिअरबॉक्सवर, ती मागची; आणि प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या थाळ्या. रेस वाढली की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या एकमेकींजवळ सरकतात आणि मधला बेल्ट कडेकडे चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीच्या थाळ्या स्प्रिंगला न जुमानता फाकतात आणि तिथे बेल्ट आत उतरतो. स्कूटरमध्ये हेच असतं, फक्त लहान. बेल्टला धरून ठेवायला ना दाते, ना साखळी. दोन्ही बाजूंची पकड, बस्स. पकड सुटली की बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की रबर कडक होतं आणि कडक रबर आणखी घसरतं. बेल्ट मरतो तो या फेऱ्यात. किलोमीटरचा काटा तिथे दुय्यम.

आता ते तीन बेल्ट.

फाटक बांधलेला पहिला. बोटांच्या चिमटीत धरून तो गोल फिरवत नेला तर सगळीकडे रुंदी सारखी, आणि एकाच ठिकाणी, साधारण वीतभर, कंबर बारीक झालेली. मी विचारलं, गाडी कुठे रुतली होती? तर म्हणाले, जुलैत, भातखाचराच्या बांधाला. चाकं चिखलात घट्ट, त्यामुळे मागची पुली जागेवर, बेल्टही जागेवर. पुढची पुली मात्र ड्रायव्हरच्या पायाखाली गरागरा फिरत होती आणि समोर आलेला तेवढाच तुकडा घासत होती, सहाणेवर खोड घासावं तसा. त्यानंतर गाडी जागेवरून निघताना धडधड व्हायला लागली असणार. "झाली ना! आम्हाला वाटलं, टायरला चिखल चिकटलाय." त्या धडधडीवर पंधरा दिवस गाडी चालली आणि मग बारीक जागेवर तुटली.

रुतल्यावर काय करायचं? रेस सोडायची, लो गिअर (बेल्टमागच्या गिअरबॉक्सला हाय आणि लो असे दोन टप्पे असतात), फोर व्हील, आणि तरी हलली नाही तर उतरून दोर लावायचा. पाच-दहा सेकंदांच्या हट्टात चौदा हजार जातात.

दुसऱ्या बेल्टच्या दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत. खालच्या खाचांच्या मुळाशी भेगा, आणि नाकाशी धरला तर अजून करपल्याचा वास. हा एका झटक्यात गेलेला नाही, रोज थोडा थोडा भाजलेला आहे. तळ्यापासून वर येणारा चढ, मागे खताची ट्रॉली आणि गाडी हाय गिअरमध्ये. ड्रायव्हर आधी ट्रॅक्टरवर होता. त्याच्या हिशेबाने लो गिअर फक्त नांगराला! अहो, या गाड्यांचा साधा नियम आहे : ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या खाली रेंगाळायचं असेल, चढ असेल किंवा मागे काही ओढायचं असेल, तर लो. लोमध्ये तेवढ्याच वेगाला पुढची पुली जास्त जोरात फिरते, बेल्टवरची पकड घट्ट बसते आणि ओढही कमी येते.

आणखी एक सवय त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. चढावर पाहुणे फोटो काढायला थांबतात, तेव्हा ड्रायव्हर ब्रेक लावत नाही. हलकी रेस देऊन गाडी जागेवर तोलून धरतो. पाहुण्यांना ते कौशल्य वाटतं. मला त्या चकचकीत कडा आठवतात. त्या पूर्ण वेळात बेल्ट पुलीवर घसरत असतो. ब्रेक कशासाठी दिलाय?

इथपर्यंत दोष ड्रायव्हरचा. पण मग पहिलं सव्वा वर्ष हाच ड्रायव्हर, हाच चढ, तरी बेल्ट टिकला तो कसा? हे मला पटेना. मी गाडीचे फोटो मागवले आणि मोबाइलवर मोठे करून पाहिले. मे महिन्यात मालकांनी हौसेने टायर बदलले होते. कंपनीचे पंचवीस इंची, आता अठ्ठावीस इंची, दणकट नक्षीचे. गाडी दिसते मात्र झकास! पण चाक तीन इंचांनी मोठं झालं म्हणजे सगळे गिअर बारा टक्क्यांनी जड झाले, वर टायरचं वजन वाढलं ते निराळं. आधीच चढाला काठावर असलेला बेल्ट रोज घसरायला लागला. तेव्हा मालक, अर्धं बिल तुमच्या नावावर. मोठे टायर ठेवायचेच असतील तर पुढच्या पुलीतली वजनं आणि स्प्रिंग त्यांच्या हिशेबाने बदलून घ्या. नाहीतर जुने टायर चढवा. मी जुने चढवले असते.

तिसरा, चार दिवसांवाला, खरं तर बेल्टच्या चुकीने गेलाच नाही. दुसरा बेल्ट तुटला तेव्हा त्याची दोरी, म्हणजे रबराच्या पोटातले चिवट धागे, आतल्या खोक्यात सगळीकडे उडाली. बसवणाऱ्याने मोठे तुकडे काढले आणि नवा चढवला. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊन कव्हर उघडा आणि पुढच्या पुलीच्या मागे, शाफ्टपाशी बोट घालून बघा. रात्री फोन आला : नारळाच्या शेंडीएवढा गुंता निघाला. असे धागे शाफ्टवर गुंडाळत आत जातात आणि ऑइल सील कापतात. सील गेलं की ऑइल बेल्टवर, आणि ऑइल लागलेला बेल्ट म्हणजे घसरगुंडी. हवा बाहेर टाकणाऱ्या नळीतही तुकडे अडकतात. तीसुद्धा काढून झटकायची. या बेल्टवर तर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता, अगदी आधार कार्डासारखा स्वच्छ.

शिवाय नवा बेल्ट त्याच दिवशी ट्रॉलीला जुंपला. नव्या बेल्टला पुलीवर रुळू द्यावं लागतं. पहिले ऐंशी एक किलोमीटर अर्ध्या रेसच्या आत, वेग कमी-जास्त करत, ओझं न ओढता. तुमच्या अकरा एकरांत तेवढे किलोमीटर व्हायला आठवडा जाईल. जाऊ द्या.

आता देखभाल. हवा आत घेणाऱ्या तोंडाची जाळी दर दोन-तीन दिवसांनी बघा, तुमच्याकडे तिथे पेंढा बसणारच. या खोक्याला थंड करायला वाऱ्याशिवाय दुसरं काही नाही. पाण्यातून गाडी काढल्यावर बेल्ट घसरायला लागला तर तशीच रेटू नका. न्यूट्रल करून रेस द्या, पुल्यांच्या वाऱ्याने तो वाळतो, आणि खोक्याच्या तळाला बूच असेल तर उघडून पाणी सोडा. मोठा चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. न्यूट्रलमध्ये हलक्या रेसवर दोन मिनिटं वारा लागू द्यायचा. नवा बेल्ट बसवण्याआधी व्हर्नियरने रुंदी मोजा आणि तारखेसकट कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. मॅन्युअलमध्ये किमान रुंदी दिलेली असते. तिथवर पोचला की तुटायची वाट न बघता काढायचा. बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेला. बाण नसेल आणि जुनाच परत घालायचा असेल, तर काढताना खूण करा म्हणजे तो उलटा बसणार नाही. जादा बेल्ट गाडीत ठेवा, पण पिळून-दुमडून कोंबू नका, आतले धागे मोडतात.

राहिला डुप्लिकेटचा मुद्दा. तिन्ही बेल्ट अस्सल होते. या वादात ड्रायव्हर हरला, पण तुम्ही जिंकलात असंही नाही.

प्रश्न : माझी ११० सीसी स्कूटर तेवीस हजार किलोमीटर झाली आहे. सर्व्हिसिंगला दिली तर म्हणतात, बेल्ट आणि रोलर बदला. बेल्ट तुटलेला नाही, गाडी सुरळीत चालते. फक्त कात्रजच्या जुन्या घाटात हल्ली आवाज जास्त आणि वेग कमी वाटतो. बाई माणूस बघून फसवतायत का?
(एक वाचक, आंबेगाव)

उत्तर : ताई, या वेळी नाही. बऱ्याच स्कूटरच्या पुस्तकात बेल्ट चोवीस हजारांच्या आसपास बदला असंच छापलेलं असतं. सीटखालचं पुस्तक उघडून तुमच्या गाडीचा आकडा बघा. आणि "आवाज जास्त, वेग कमी" हे लक्षण तुम्ही स्वतःच लिहिलंय. बेल्ट झिजून अरुंद झालाय किंवा रोलर, म्हणजे पुढच्या पुलीतली वजनं, एका बाजूने चपटे झालेत. दोन्ही एकदम बदलले तर मजुरी एकदाच पडते. बदलताना समोर उभ्या राहा, जुने रोलर हातात घ्या आणि टेबलावर सोडा. गोल घरंगळत गेले तर भांडा, एका बाजूवर बसले तर पैसे द्या. नाना पेठेतून स्वतः घेणार असाल तर वेष्टनावरचा पार्ट नंबर पुस्तकाशी ताडून घ्या. दिसायला सारखे बेल्ट लांबीत दोन-चार मिलिमीटरने वेगळे असतात.

प्रश्न : रबरी पट्ट्यावर चार माणसं आणि ट्रॉली ओढायची ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटते. गिअरवाली गाडी का घेऊ नये?
(एक निवृत्त अभियंता, कोथरूड)

उत्तर : घ्या की. होंडाच्या पायोनियर गाड्यांत बेल्ट नाही, गिअर आहेत. पण हसण्याआधी ऐका. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली तेव्हा मी रास्ता पेठेत हाताखाली काम शिकत होतो. आमच्या उस्तादांनी कव्हर उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "ही तर पिठाची गिरणी आहे, सहा महिन्यांत बंद पडेल." पुढे त्याच गिरण्यांच्या दुरुस्तीवर त्यांनी वारज्यात घर बांधलं. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, हॉलंडच्या डाफ कंपनीने रबरी पट्ट्यांवर चालणारी अख्खी मोटार दाखवली होती. तिला रिव्हर्सचा वेगळा गिअर नव्हता, फक्त दिशा बदलायची सोय. त्यामुळे ती उलटी तेवढ्याच वेगाने पळायची. पुढे तिकडे त्या गाड्यांच्या उलट्या शर्यती लावत. पट्ट्यात दम आहे, साहेब. पण गाडी दिवसभर ट्रॉलीलाच जुंपायची असेल तर तुमचं म्हणणं बरोबर, गिअरवाली घ्या किंवा सरळ छोटा ट्रॅक्टर.

दुरुस्ती : मागच्या अंकात "बेल्टवर ब्रेक क्लीनर मारून पुसा" असं छापलं गेलं. ब्रेक क्लीनर पुल्यांच्या थाळ्यांवर, तोही बेल्ट काढून ठेवल्यावर. बेल्ट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. लिहिण्यात चूक माझीच होती. त्यामुळे तिघांनी बेल्टवर फवारा मारला, तिघांचेही फोन येऊन गेले.